बादलीचा कारखाना ते वीजखाते : ओमप्रकाश जिंदल यांची दुहेरी वाटचाल

विशेष प्रतिनिधी

३१ मार्च २००५ रोजी चंडीगडहून दिल्लीकडे निघालेले एक हेलिकॉप्टर उत्तर प्रदेशातील सहारणपूर जिल्ह्यात कोसळले. त्यात हरियाणाचे दोन मंत्री मृत्युमुखी पडले. एक होते कृषिमंत्री सुरेंद्र सिंग, माजी मुख्यमंत्री बन्सीलाल यांचे चिरंजीव. दुसरे होते वीजमंत्री ओमप्रकाश जिंदल. वय ७४. मंत्रिपदाची सूत्रे हाती घेऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. देशातील आघाडीच्या पोलाद उद्योगसमूहांपैकी एकाचे ते संस्थापक होते आणि फोर्ब्सच्या अतिश्रीमंतांच्या यादीत त्यांचे नाव झळकले होते.

मुंबई-ठाण्यातील वाचकाला जिंदल हे नाव परके नाही. कसारा मार्गावरील लोकलने जाणाऱ्याला वासिंदचा कारखाना ठाऊक असतो. पेण तालुक्यातील डोलवीचा प्रकल्प आज जेएसडब्ल्यूच्या नावाने ओळखला जातो. मात्र या साम्राज्याचा मूळ पुरुष १४ वर्षे निवडणुकीच्या राजकारणात होता, एकदा खासदार व तीनदा आमदार झाला, हे महाराष्ट्रात फारसे कोणाच्या लक्षात नाही. उद्योगपतीने विधिमंडळात जाणे आपल्याकडे नवे नाही. तरीही कच्चा माल, वीज आणि परवाने या तिन्हींसाठी सरकारच्या दारात उभे राहावे लागणाऱ्या पोलाद उद्योगाचा मालकच सरकारात बसतो, तेव्हा कायदा त्याच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा करतो? जिंदल यांच्या आयुष्याकडे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

नलवा ते हिसार

ओमप्रकाश जिंदल यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३० रोजी हिसार जिल्ह्यातील नलवा या गावी झाला. वडील नेतराम शेतकरी होते. हिसार तेव्हा पंजाब प्रांतात होते. हरियाणा हे राज्य अस्तित्वात आले ते १ नोव्हेंबर १९६६ रोजी. हा भाग पंजाबच्या सुपीक पट्ट्यासारखा पाण्याने समृद्ध नव्हे. कमी पावसाच्या, रेताड जमिनीच्या या मुलखातून अनेक व्यापारी कुटुंबे कोलकाता आणि आसामकडे गेली. तरुण ओमप्रकाश यांनीही काही काळ पूर्व भारतात काढला. उच्च शिक्षणाचा वारसा त्यांच्याकडे नव्हता. जे शिकले ते बाजारात आणि कारखान्यात.

त्या काळातील एक आठवण जिंदल समूहात आवर्जून सांगितली जाते. एका ठिकाणी पडलेल्या लोखंडी नळांवर त्यांना ‘मेड इन इंग्लंड’ असे शब्द दिसले आणि हे नळ आपल्या देशात का होऊ नयेत, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. प्रत्येक मोठ्या उद्योगघराण्याची अशी एखादी कथा असतेच. ती शब्दशः खरी मानली नाही तरी पुढील घटनाक्रम तिच्याशी जुळतो. १९५२ मध्ये त्यांनी हिसार येथे बादल्या तयार करण्याचा छोटा कारखाना सुरू केला. १९६४ मध्ये नळांचा, म्हणजे पाइपचा कारखाना आला. १९६९ मध्ये जिंदल स्ट्रिप्स या कंपनीद्वारे पोलादी पट्ट्यांच्या उत्पादनात त्यांनी पाऊल टाकले.

बादलीनंतर पाइप आणि पाइपनंतर पोलादी पट्टी, हा क्रम समजून घेण्यासारखा आहे. पाइप बनतो पट्टीपासून आणि पट्टी बनते पोलादापासून. आपल्या मालाला लागणारा कच्चा माल दुसऱ्याकडून घेण्याऐवजी आपणच तयार करायचा, असे एकेक पायरी मागे जाण्याचे धोरण जिंदल यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. यंत्राच्या आवाजावरून त्यातला बिघाड त्यांना कळतो, असे त्यांच्याविषयी म्हटले जाई. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या या माणसाची ख्याती यंत्रांशी बोलणारा माणूस अशीच झाली.

सरकारच्या चौकटीत वाढलेला उद्योग

ही वाढ कोणत्या काळात झाली, ते पाहिले पाहिजे. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने लोखंड व पोलाद हे क्षेत्र सरकारसाठी राखून ठेवले होते. टाटांसारखे आधीपासूनचे खासगी कारखाने चालू राहिले, पण नवे एकात्मिक पोलाद प्रकल्प सरकारचेच असत. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर ही त्या धोरणाची फळे. खासगी उद्योजकाला उरलेली जागा दोन प्रकारची होती. एक, सरकारी कारखान्यांचे पोलाद घेऊन त्यापासून पाइप, पत्रे, पट्ट्या बनवणे. दुसरी, भंगार लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून छोट्या प्रमाणावर पोलाद तयार करणे. असे कारखाने ‘मिनी स्टील प्लँट’ म्हणून ओळखले गेले.

हिसारसारख्या, खाणींपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात हा उद्योग टिकला त्याला सरकारचे आणखी एक धोरण साह्यभूत ठरले. मालवाहतूक भाडे समानीकरण योजनेमुळे पोलादाचा वाहतूक खर्च देशभर सारखा ठेवला जाई. त्यामुळे बिहारमधील कारखान्यातून निघालेले पोलाद हिसारला, मुंबईला किंवा लुधियानाला जवळपास त्याच भावात मिळे. खनिजसंपन्न बिहार, ओरिसा या राज्यांचा नैसर्गिक लाभ त्यामुळे हिरावला गेला, अशी टीका पुढे सातत्याने झाली. पश्चिम व वायव्य भारतातील अभियांत्रिकी उद्योग मात्र त्या बळावर फोफावले.

मागणीही सरकारी धोरणातूनच आली. हरितक्रांतीच्या काळात पंजाब-हरियाणात कूपनलिकांची लाट आली. कूपनलिकेला पाइप लागतो आणि पंपाला वीज. १९६८ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या बन्सीलाल यांनी १९७० पर्यंत हरियाणातील प्रत्येक गावात वीज पोहोचवली. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. शेतात पाइप उतरवणारा उद्योजक आणि गावात वीज नेणारा मुख्यमंत्री यांची वाट पुढे राजकारणात एकत्र यावी, हा निव्वळ योगायोग नव्हता. दोघेही एकाच परिसरातील आणि एकाच आर्थिक बदलाचे शिल्पकार होते.

पुढच्या दोन दशकांत समूहाचा विस्तार हरियाणाबाहेर झाला. १९८२ मध्ये तारापूर येथील पिरामल स्टील हा छोटा पोलाद कारखाना जिंदल यांनी घेतला आणि त्याच सुमारास वासिंद येथे प्रकल्प उभारला. १९८४ मध्ये तेल व वायू वाहिन्यांना लागणाऱ्या मोठ्या व्यासाच्या पाइपसाठी सॉ पाइप्स ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना मथुरा जिल्ह्यातील कोसीकलां येथे उभा राहिला. मध्य प्रदेशातील (आज छत्तीसगडमधील) रायगड येथे स्पंज आयर्नचा प्रकल्प आला. कर्नाटकात बळ्ळारीजवळ तोरणगल्लू येथे जिंदल विजयनगर स्टील हा प्रकल्प १९९४ नंतर आकाराला आला.

१९९१ : दोन दरवाजे एकाच वर्षी उघडले

१९९१ हे वर्ष जिंदल यांच्या आयुष्यात दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी हरियाणा विधानसभेच्या निवडणुकीत ते हिसारमधून निवडून आले. पक्ष होता बन्सीलाल यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून काढलेला हरियाणा विकास पक्ष. सत्ता मात्र काँग्रेसचे भजनलाल यांच्याकडे गेली. त्यामुळे उद्योगपती जिंदल यांची आमदारकीची सुरुवात विरोधी बाकांवरून झाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रातील नरसिंह राव सरकारने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले. पोलाद क्षेत्र सरकारसाठी राखीव राहिले नाही आणि परवान्याच्या सक्तीतूनही ते मुक्त झाले. जानेवारी १९९२ मध्ये पोलादाच्या किमती व वितरणावरील नियंत्रण उठले आणि भाडे समानीकरणही संपले. पायरी पायरीने मागे जात पोलादापर्यंत पोहोचलेल्या उद्योजकाला आता थेट खनिजापासून पोलाद तयार करण्याची मुभा मिळाली.

वरवर पाहता येथे सरकारवरचे अवलंबित्व संपायला हवे होते. प्रत्यक्षात त्याचे रूप पालटले. परवाना गेला, पण लोहखनिजाची खाण, कोळशाचा पट्टा, जमीन, पाणी, पर्यावरणाची मंजुरी आणि विजेचा दर हे सारे सरकारच्याच हाती राहिले. विजेच्या भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण ४०० ते ६०० युनिट वीज लागते. अशा कारखान्याच्या ताळेबंदात वीज हा किरकोळ खर्च नसून कच्चा मालच असतो. दिल्लीतील एका खिडकीऐवजी राज्यांच्या राजधान्यांतील अनेक खिडक्यांशी उद्योगाचा संबंध येऊ लागला.

१९९६ मध्ये जिंदल कुरुक्षेत्र मतदारसंघातून लोकसभेवर गेले. हरियाणा विकास पक्षाचे त्या वेळी तीन खासदार निवडून आले. भिवानीचे सुरेंद्र सिंग हे त्यांपैकी एक. नऊ वर्षांनी हेच दोघे एका हेलिकॉप्टरमध्ये होते. ती लोकसभा डिसेंबर १९९७ मध्येच विसर्जित झाली आणि जिंदल यांची खासदारकी दीड वर्षाची ठरली. पुढे ते काँग्रेसमध्ये आले. २००० आणि २००५ मध्ये हिसारकरांनी त्यांना पुन्हा विधानसभेवर पाठवले. २००४ मध्ये कुरुक्षेत्रातून त्यांचे धाकटे चिरंजीव नवीन जिंदल काँग्रेसचे खासदार झाले.

शहरातील मोठा रोजगारदाता, शाळा आणि रुग्णालय चालवणारा दाता आणि आमदार या तिन्ही भूमिका हिसारमध्ये एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटल्या. साखर कारखान्याचा अध्यक्षच आमदार झालेला पाहणाऱ्या महाराष्ट्राला हे चित्र ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की, सहकारी कारखान्याच्या अध्यक्षाला निदान कागदावर तरी सभासदांच्या मतांना सामोरे जावे लागते. खासगी कंपनीच्या मालकाला तसे बंधन नसते.

वीजखातेच का महत्त्वाचे?

फेब्रुवारी २००५ च्या निवडणुकीत काँग्रेसने ९० पैकी ६७ जागा जिंकल्या. मार्चमध्ये भूपिंदरसिंग हुड्डा मुख्यमंत्री झाले आणि जिंदल यांच्याकडे वीजखाते आले. हरियाणात हे खाते नेहमीच तापलेले असते. २००२ मध्ये जींद जिल्ह्यातील कंडेला गावी थकीत वीजबिलांवरून शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मरण पावले होते. राज्य वीज मंडळाचे १९९८ मध्ये विभाजन झाले होते. दक्षिण हरियाणाला वीज पुरवणाऱ्या वितरण निगमचे मुख्यालय हिसारमध्येच आहे. शेतकऱ्याला स्वस्त वीज द्यायची, तर तोटा कोणीतरी सोसायचा. तो बहुधा उद्योगांच्या दरात टाकला जातो. म्हणजे जिंदल ज्या खुर्चीवर बसले, तेथे त्यांना मतदार असलेला शेतकरी आणि वीजग्राहक असलेला उद्योजक यांच्यात निवाडा करावा लागणार होता. त्यांच्या स्वतःच्या समूहाचा मोठा पोलाद कारखाना त्याच शहरात होता.

उद्योजकाला विजेचे महत्त्व मंत्रालयातील कोणाहीपेक्षा अधिक कळते, हा युक्तिवाद निराधार नाही. भट्टी चालवणाऱ्याला पुरवठा खंडित होण्याची किंमत तासाच्या हिशेबात ठाऊक असते. जिंदल यांनी हे ज्ञान कसे वापरले असते, याचे उत्तर काळाने दिले नाही. काही आठवड्यांच्या कारकिर्दीवरून बरा-वाईट कोणताच निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नसून व्यवस्थेच्या तरतुदींचा आहे.

कायदा काय सांगतो?

लोकप्रतिनिधीने उद्योग करू नये, असे भारतीय कायदा सांगत नाही. राज्यघटनेच्या १०२ व १९१ या अनुच्छेदांत ‘लाभाचे पद’ धारण करण्यास मनाई आहे; पण ते पद सरकारचे असावे लागते. स्वतःच्या कंपनीचे अध्यक्षपद त्यात येत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९-अ त्याहून नेमके आहे. सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा करार ज्याच्या नावावर चालू आहे, तो संबंधित सभागृहाचा सदस्य होण्यास अपात्र ठरतो. मात्र करार त्या व्यक्तीने स्वतः केलेला असावा लागतो. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. त्यामुळे कंपनीने केलेला करार तिच्या भागधारकाच्या अंगाला सहसा चिकटत नाही. रस्त्याच्या छोट्या कामाचा स्वतःच्या नावाने ठेका घेणारा ठेकेदार अपात्र ठरू शकतो; हजारो कोटींच्या कंपनीचा प्रवर्तक ठरत नाही.

खाणींच्या बाबतीत तर हे कलम आणखी तोकडे पडते. हरियाणातीलच एका आमदाराच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खाणपट्टा हा या कलमाच्या अर्थाने सरकारी कामाचा करार होत नाही, असा निर्वाळा दिला. पोलाद उद्योगाचा सरकारशी येणारा सर्वांत मोठा आर्थिक संबंध म्हणजे खनिजाचा पट्टा. तोच या कलमाच्या कक्षेबाहेर राहिला.

मंत्र्यांसाठी केंद्र सरकारने आचारसंहिता केली आहे आणि ती राज्यांच्या मंत्र्यांनाही लागू आहे. मंत्री होणाऱ्याने आपली मालमत्ता व व्यावसायिक हितसंबंध मुख्यमंत्र्यांना कळवावेत आणि उद्योगाच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडावा, असे ती सांगते. मालकी सोडण्याची सक्ती सर्वसाधारणपणे नाही. उद्योग मुख्यतः सरकारी परवाने, पट्टे यांवर अवलंबून असेल, तर मालकीही सोडावी, असे संहिता म्हणते. पण लगेच एक वाटही ठेवते. आधीपासून त्या उद्योगात असलेल्या सज्ञान नातेवाइकाकडे मालकी व व्यवस्थापन सोपवता येते. पती किंवा पत्नीकडे मात्र नाही. जिंदल यांचे पृथ्वीराज, सज्जन, रतन आणि नवीन हे चारही मुलगे तेव्हा समूहातील वेगवेगळ्या कंपन्या चालवत होते. अशा कुटुंबाला संहितेचे पालन करणे कागदोपत्री मुळीच जड नसते. वडील मंत्री आणि मुलगे संचालक, ही रचना संहितेला मान्यच आहे. शिवाय संहिता मोडल्यास दंड करणारी स्वतंत्र यंत्रणा नाही. निर्णय मुख्यमंत्र्यांचा, म्हणजे ज्यांनी मंत्री नेमला त्यांचाच.

सभागृहातही फारसे वेगळे चित्र नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा नियम आहे. लोकसभेचा नियम मुख्यतः मतदानापुरता आहे. एखाद्या सदस्याचा प्रत्यक्ष आर्थिक संबंध असेल, तर त्याच्या मताला आक्षेप घेता येतो. मत देण्यापूर्वी समितीत, मंत्र्यांच्या दालनात किंवा पत्रव्यवहारातून काय घडते, त्याची नोंद या नियमात कोठेच होत नाही.

वारसा

जिंदल यांच्या मृत्यूनंतर हिसारच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सावित्री जिंदल निवडून आल्या. समूहाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. सुरेंद्र सिंग यांच्या रिकाम्या झालेल्या तोशाम मतदारसंघातही त्यांच्या पत्नी किरण चौधरी विजयी झाल्या. सावित्री जिंदल २००९ मध्ये पुन्हा आमदार आणि पुढे हुड्डा मंत्रिमंडळात मंत्री झाल्या. नवीन जिंदल यांनी २००४ मध्ये राष्ट्रध्वजाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात ऐतिहासिक निकाल मिळवला. सन्मानपूर्वक तिरंगा फडकावणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले. वादाची सुरुवात रायगडच्या कारखान्यावर फडकवलेल्या ध्वजातून झाली होती.

दुहेरी भूमिकेचा प्रश्न मात्र पुढच्या पिढीतही सुटला नाही. नवीन जिंदल खासदार असताना, जून २०१३ मध्ये, झारखंडमधील एका कोळसा पट्ट्याच्या वाटपाबाबत सीबीआयने त्यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला. हे आरोप त्यांनी फेटाळले. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील २१४ कोळसा पट्ट्यांचे वाटप रद्द केले. पारदर्शक निकषांविना झालेले वाटप मनमानी होते, असे न्यायालयाने म्हटले. त्या वर्षी आई आणि मुलगा दोघेही निवडणूक हरले. दहा वर्षांनी दोघेही परतले. २०२४ मध्ये नवीन जिंदल भाजपच्या उमेदवारीवर कुरुक्षेत्रातून खासदार झाले आणि सावित्री जिंदल हिसारमधून अपक्ष आमदार.

उमेदवाराने मालमत्तेचे शपथपत्र देण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे झाली. मतदाराला माहिती मिळावी, हा तिचा उद्देश. सावित्री जिंदल यांच्या २०२४ च्या शपथपत्रात सुमारे २७० कोटी रुपयांची मालमत्ता दिसते. फोर्ब्सच्या यादीत त्या व त्यांचे कुटुंब अब्जावधी डॉलरचे धनी, आणि त्या देशातील सर्वांत श्रीमंत महिला आहेत. या दोन्ही आकड्यांत खोटे काहीच नसू शकते. शपथपत्रात उमेदवाराची स्वतःची मालमत्ता येते. न्यास, गुंतवणूक कंपन्या आणि सज्ञान मुले यांच्यामार्फत असलेले नियंत्रण त्यात येत नाही. एवढ्याशा कागदावरून मतदाराला आपल्या उमेदवाराचे हितसंबंध कोठवर पसरले आहेत ते कळत नाही.

ओमप्रकाश जिंदल यांनी बादलीपासून सुरू करून आयुष्यभर एकेक पायरी मागे जात खनिजापर्यंत मजल मारली. त्या साखळीतील शेवटची पायरी म्हणजे खनिज, कोळसा आणि वीज यांचे निर्णय घेणारे सरकार. तेथवर ते मतदारांच्या इच्छेने आणि कायद्याच्या चौकटीत पोहोचले. हिसारच्या मतदारांना त्यांच्यात रोजगार देणारा आपला माणूस दिसला आणि त्यांनी तीनदा त्यांना निवडले. मतदारांची ही निवड कोणी नाकारू शकत नाही. पण निवडून आलेल्या माणसाने वीजदराच्या किंवा खाणपट्ट्याच्या बैठकीत बसावे की बाहेर जावे, हे ठरवणारा बंधनकारक नियम आजही नाही. तो निर्णय त्या माणसाच्या विवेकावर आणि त्याला नेमणाऱ्याच्या सोयीवर सोपवलेला आहे.